घरची भांडी मोडीत, आणि बघायला तिकीट!

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. नाताळच्या सुट्टीत माझे मोठे दीर-जाऊ बंगळूरहून मुलांना घेऊन येणार आहेत. त्यांची मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. माझी मुलगी सहावीत, धाकटा ६ वर्षांचा. जाऊबाई म्हैसूरच्या, त्यामुळे त्यांच्या मुलांना मराठी समजतं पण बोलता फारसं येत नाही. सगळे एकत्र आहेत तर एक दिवस ‘वारसा दिवस’ म्हणून साजरा करावा असं माझ्या मनात आहे. सकाळी शनिवारवाडा आणि लालमहाल, मग केळकर म्युझियम, दुपारी आगाखान पॅलेस, संध्याकाळी पर्वती. बायकांनी नऊवारी, पुरुषांनी फेटे. चाळीस प्रश्नांची प्रश्नमंजुषाही मी तयार केली आहे. मुलांना आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटावा, एवढाच हेतू.

पण घरात कुणालाच उत्साह नाही. नवरा म्हणतो, मुलांना मॉलमध्ये ने. मुलगी म्हणते, म्युझियम बोअर असतं. आणि सासूबाई (वय ७४, गुडघे दुखतात) म्हणाल्या, “घरची भांडी मोडीत घातलीत, आता दुसऱ्यांची बघायला तिकीट काढा.” दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतली वाड्यातली जागा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा जागा नाही म्हणून त्यांची बरीच पितळी भांडी देऊन टाकली. तो राग अजून आहे. मला स्वतःलाही त्या जुन्या वस्तूंमधलं फारसं कळत नाही, मग मुलांना काय सांगणार? काय करू?
— एक धाकटी सून, कोथरूड

*

ताई,

आधी यादीला कात्री लावू. एका दिवसात पाच ठिकाणं होतात, नाही असं नाही. सहलीच्या बसवाले करतातच की. पण त्यात मुलांना आठवतं ते बसमध्ये कुणाला उलटी झाली एवढंच. आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर, पर्वती शहराच्या दुसऱ्या अंगाला, आणि पर्वतीच्या पायऱ्या १०३. दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाईंना दिवसाच्या शेवटी त्या पायऱ्यांपाशी नेऊन उभं केलंत, तर पुढचा टोमणा मी आत्ताच लिहून देते.

शनिवारवाड्याचं म्हणाल तर आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला. उरलाय तो तट, दिल्ली दरवाजा, कारंजी आणि जोती. रिकाम्या जोत्यांवर मनातल्या मनात मजले चढवायला आधी थोडा इतिहास पोटात लागतो. नऊ वर्षांचा मुलगा तिथे फक्त पळेल. पळू दे, पण ते एखाद्या संध्याकाळी. आणि आगाखान पॅलेस ही फेटे बांधून प्रश्नमंजुषा घेत जायची जागा नव्हे. तिथल्या कैदेत १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. तेरा आणि अकरा वर्षांच्या मुलींना तिथे जरूर न्या, वेगळ्या दिवशी, घाई नसताना.

राहिलं केळकर म्युझियम. तेवढंच करा. सकाळचे दोन-अडीच तास, मग जेवण, मग घर.

माझी निवड याच जागेवर का, ते सांगते. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे नाव ऐकून कुठल्या तरी संस्थानिकाचा खजिना असेल असं वाटतं. प्रत्यक्षात दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) हे पुण्यातले एक कवी, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे. ‘राजा’ हा त्यांचा एकुलता एक मुलगा, लहानपणीच गेलेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं आहे. साधारण १९२० पासून पुढे कित्येक दशकं केळकर जुने वाडे, खेडी, बाजार धुंडाळत हिंडले आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने वस्तू गोळा करत राहिले. आणि काय गोळा केलं? दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, फण्या, करंडे, पानदानं, स्वयंपाकघरातली आयुधं, दाराच्या चौकटी, वाद्यं, खेळणी. तलवारी-चिलखतंही आहेत, पण त्यासाठी इतर म्युझियम पडलीत. सगळा संग्रह २० हजारांच्या घरात आहे आणि त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. पुढे तो सगळा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

मुलांना दारातच एवढी गोष्ट सांगा, दोन मिनिटांत. मुलाच्या आठवणीसाठी बापाने घर वस्तूंनी भरलं हे तेरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही.

आता सासूबाई. त्यांचा टोमणा तुम्ही पत्रात जरा तक्रारीच्या सुरात लिहिलाय, पण मला विचाराल तर तुमच्या घरात या विषयावर सगळ्यात नेमकं बोलणारी व्यक्ती तीच आहे. लोक ज्या वस्तू अडगळ म्हणून घराबाहेर काढत होते, त्याच केळकर शोधत होते. तुमच्याकडची घंगाळं-पराती वजनावर गेली. तशीच भांडी काचेमागे ठेवलीत म्हणून आता सूनबाई मुलांना ‘वारसा’ शिकवायला निघाल्यात, हे ज्या बाईने ती भांडी चिंच-राख लावून वर्षानुवर्षं लख्ख ठेवली तिला लागणारच. फ्लॅटमध्ये जागा नव्हती हे खरंच आहे. बंब काय गॅलरीत पेटवणार होतात? पण देताना त्यांना विचारलं होतं का, की ‘आई, यातली दोन कोणती ठेवू या?’ पत्रात तसं काही दिसत नाही. नसेल विचारलं, तर म्युझियमच्या आधी एकदा, मुलं आजूबाजूला नसताना, त्यांच्याशी हे बोला. लांबण नको. ‘तेव्हा तुम्हाला न विचारता दिलं, ते चुकलं आमचं’ एवढं पुरे. आणि हे तुमच्या नवऱ्याने म्हटलं तर जास्त बरं. आई त्याची, भांडीही त्याच्या आईची. दर वेळी सुनेनेच का पुढे व्हायचं?

हे झाल्याशिवाय त्यांना ‘आज तुम्ही आमच्या गाइड हं आई!’ असं म्हणू नका. ते फार गोड आणि फार खोटं वाटतं. चारचौघांत आजीला उभं करून ‘सांगा ना जुन्या काळचं’ म्हटलं की बहुतेक आज्या एक तर गप्प होतात, नाही तर कीर्तन लावतात. आधी घरीच विचारा, ‘मला यातलं काही कळत नाही, तुम्ही बरोबर असाल तर मुलांनी विचारल्यावर कुणी तरी सांगू शकेल.’ हे खरंही आहे. ‘मला कळत नाही, मग मुलांना काय सांगणार’ असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही सांगायचंच नाही, विचारायचं. नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका. माझा अंदाज, येतील.

आणि आल्या तर तयारी ठेवा, की त्या तुम्हाला हवं ते बोलणार नाहीत. जात्यापाशी तुम्ही डोळ्यांत ‘अहाहा’ आणून उभ्या असाल आणि त्या म्हणतील, “बरं झालं बाई, गिरण्या आल्या.” म्हणू द्या. पहाटे उठून घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ रोज हाताने ओढायचं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जात्याचं कौतुक वेगळं असतं. त्याच जात्यावर बायकांनी ओव्या रचल्या, माहेरच्या, सासरच्या, विठ्ठलाच्या, नवऱ्याच्या माराच्यासुद्धा. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या दोघा अभ्यासकांनी पुण्यात राहून, महाराष्ट्रभरच्या गावागावांतून सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. आदल्या रात्री मोबाइलवर एक-दोन लावा. सासूबाईंना एखादी येत असेल, किंवा त्यांच्या आईला येत असेल. मग दुसऱ्या दिवशी जातं दिसलं की मुलांना दोन दगडांच्या पलीकडचं काही तरी दिसेल.

आता प्रत्यक्ष पाहायचं कसं. सगळी दालनं पूर्ण करायची नाहीत. ‘तिकीट काढलंय तर सगळं बघून घेऊ’ ही आपली खास वृत्ती. लग्नाच्या पंगतीत पान संपवायचं म्हणून जिलब्या कोंबाव्यात तसं होतं मग. चार दालनं निवडा. मी निवडली असती ती अशी.

दिव्यांचं पहिलं. समई, निरांजन, पंचारती मुलांनी घरी पाहिलेली असते, म्हणून सुरुवात ओळखीपासून होते. मग लामणदिवे दाखवा, साखळीने टांगलेले. साखळीची एकेक कडी कशी वेगळी आहे, मध्येच पक्षी कुठे बसवलाय, हे लहान मुलं मोठ्यांच्या आधी शोधतात. घरात वीज नाही असं समजून एक प्रश्न टाका: हा दिवा कुठे ठेवाल? अभ्यासाला, देवापाशी, की अंधारात न्हाणीघराकडे जाताना हातात? दिव्याचा आकार असा का, याचं उत्तर त्यातच मिळतं.

मग अडकित्ते. सुपारी कातरायचं साधं हत्यार. पण घोडा, घोडेस्वार, पोपट, मिठी मारलेलं जोडपं, काय काय केलंय त्याचं! तेरा वर्षांची मुलगी जोडपं पाहून खुदकन हसेल, नऊ वर्षांचा भाऊ ‘काय काय’ करत येईल. दटावू नका. करणाऱ्या कारागिरालाही ते हसणं अपेक्षितच असणार. तिथेच कुठे तरी वज्री दिसतील, टाचा घासायच्या. खालून खरखरीत, वरती हत्ती नाही तर पक्षी. न्हाणीघरातल्या, कुणाला न दिसणाऱ्या वस्तूलाही कुणी तरी इतका वेळ दिला होता, हे माझ्या मते या सगळ्या संग्रहालयातलं सगळ्यात नवल वाटावं असं प्रकरण आहे. मुलांना वाटेल की नाही, माहीत नाही. मोठ्यांना नक्की वाटतं.

तिसरं स्वयंपाकघर. इथे तुम्ही मागे राहा आणि सासूबाईंना पुढे चालू द्या. पितळेच्या भांड्यात ताक का ठेवत नाहीत, ते कळकतं म्हणजे काय होतं, कल्हईवाला दारात यायचा तेव्हा नवसागराचा धूर कसा निघायचा आणि काळ्या पातेल्यात कथील फिरवलं की ते चांदीसारखं कसं व्हायचं, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. यात विज्ञानही आहे. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत ठेवला तर धातू अन्नात उतरतो, म्हणून मध्ये कथलाचा थर. सहावीतल्या मुलीला एवढं सहज कळेल. शाळेत ती हे आम्ल वगैरे शिकतच असेल. त्यात आजी मध्येच म्हणाल्या की ‘पाटीवर चुकीचं लिहिलंय, याला आमच्याकडे दुसरंच म्हणत’, तर वाद घालू नका. वाईकडे एक, सोलापूरकडे एक, कोकणात तिसरं नाव असतं. मुलांना तेवढाच वाद आठवणीत राहील.

चौथं, चित्रकथी. यासाठी मात्र थोडा वेळ राखून ठेवा आणि बसायला जागा असेल तर बसा. पैठणशैलीची ही चित्रं या संग्रहातला फार मोलाचा भाग आहेत. रामायण-महाभारतातल्या कथा, एका बाजूने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे, भडक रंग. चित्रकथी लोक अशा चित्रांची पोथी घेऊन गावोगाव जायचे आणि एकेक चित्र पुढे धरून रात्री देवळात कथा सांगायचे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातल्या काही घरांनी ही परंपरा आजही जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रं दाखवायची, वाजवायचं, गायचं आणि बोलायचं, सगळं एकाच माणसाच्या भोवती. मुलांना एक चित्र निवडायला सांगा. पाटी वाचायची नाही. काय चाललंय ते चित्रावरूनच सांगायचं, मराठीत, कानडीत, इंग्रजीत, कशातही. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं. कथा चुकली तरी चालेल. पाटी शेवटी वाचा.

इथे तुमच्या जाऊबाईंविषयी एक. पत्रात तुम्ही ‘आपली संस्कृती’ असं लिहिता आणि त्या म्हैसूरच्या आहेत. त्यांच्या मुलांच्या मराठीची परीक्षा त्या दिवशी घेऊ नका, आणि ‘तुमच्या आईला माहीत नसेल हं’ असं अनवधानानेही तोंडून जाऊ देऊ नका. केळकरांनी फक्त महाराष्ट्रातलं जमवलेलं नाही. गुजरात-राजस्थानपासून दक्षिणेपर्यंतच्या वस्तू तिथे आहेत. आणि पुष्कळ गोष्टी तशाही दोन्हींकडच्या. गोल पत्त्यांचा गंजिफा घ्या. आपल्याकडे सावंतवाडीला रंगवतात, तशी म्हैसूरलाही गंजिफ्याची मोठी परंपरा आहे. आपल्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. नऊ वर्षांचा मुलगा हा हिशोब तुमच्या आधी करेल. विळी, उखळ, पानाचा डबा, कुंकवाचा करंडा पाहिला की जाऊबाईंना विचारा, तुमच्या आजीकडे असं होतं का, काय म्हणायचे? सासूबाई आणि त्या एकाच विळीवरून बोलायला लागल्या, तर तुमच्या प्रश्नमंजुषेचे चाळीस प्रश्न तिथेच वसूल.

म्हणजे प्रश्नमंजुषा रद्द, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. म्युझियममध्ये हातात प्रश्नपत्रिका दिली की मुलं वस्तूकडे बघत नाहीत, उत्तराची पाटी शोधतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक पेन्सिल आणि कोरा कागद द्या. अट एकच, बाहेर पडेपर्यंत कुठल्याही एका वस्तूचं चित्र काढायचं. वाईट काढलं तरी चालेल. चित्र काढायला बसलं की त्या वस्तूला किती पाय आहेत हे प्रथमच नीट दिसतं. मोठ्यांनीही काढा, नवऱ्यानेसुद्धा. फोटो काढायला परवानगी आहे का, शुल्क आहे का, ते तिकीट-खिडकीवर विचारा. मिळाली तरी पहिला तासभर फोन पर्समध्ये.

नऊवारी-फेट्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. ज्याला हौस आहे त्याने नेसावं. जिने चढायचे आहेत आणि मुलांच्या मागे पळायचंय, हे ध्यानात ठेवा. तेरा वर्षांच्या मुलीला सक्ती केलीत तर सगळा दिवस तिचं तोंड फोटोत दिसेल.

एक गोष्ट मात्र मुलांना मुद्दाम विचारायला सांगा: हे केलं कुणी? पाटीवर धातू लिहिलेला असतो, शतक असतं, गाव असतं. करणाऱ्याचं नाव बहुतेक नसतंच. तांबट, कासार, लोहार, सुतार, बुरूड, कुंभार, ज्यांच्या हातून हे सगळं झालं त्यांना वाड्याच्या ओसरीपुढे कितपत येऊ दिलं जात असे, हेही मोठ्या मुलींना सांगायला हरकत नाही. वारसा म्हटलं की आपण पटकन वाड्याच्या मालकाच्या जागी स्वतःला उभं करतो. मुलांना दोन्ही बाजू कळू द्या. त्यांना हे झेपतं, आपल्यालाच अवघड वाटतं.

कसब्यातल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचं काम चालत आलंय आणि थोड्या घरांतून अजून ठोक्यांचा आवाज येतो. पत्रा नुसता वाकवून भांडं होत नाही, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर शेजारी शेजारी ठोके घालतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी चमक येते हे दिसतं, पण त्याच ठोक्यांनी धातू कडकही होतो, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. म्युझियममध्ये घंगाळ पाहिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांना तिथून एक फेरी मारून आणा. कारागिराला कामात अडवू नका, आणि बघून झाल्यावर एखादं लहान भांडं घ्या. सासूबाईंनी निवडलेलं. मोडीत गेलेल्याची भरपाई त्याने होणार नाही, पण तुमच्या नव्या स्वयंपाकघरात त्यांच्या पसंतीची एक वस्तू येईल.

आणि हो, तुमच्या कोथरूडशी थेट संबंध असलेलं एक दालन तिथे आहे, ते चुकवू नका. बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. त्याचे अवशेष आणून केळकरांनी संग्रहालयात मस्तानी महाल उभा केला. सहावीतली मुलगी ‘म्हणजे आपल्या इथला?’ असं विचारेल. सिनेमाने ज्या मस्तानीची ओळख करून दिली ती आपल्या गल्लीबोळांतलीच होती, एवढ्यावर तिचं ‘बोअर’ थोडा वेळ तरी थांबेल.

जायचं कसं, तर गाडी नेऊ नका. बाजीराव रस्त्याला सुट्टीत गाडी लावायला जागा शोधताना निम्मी सकाळ आणि सगळा मूड जातो. वनाझ किंवा आनंदनगरहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे खाली उतरून स्वारगेटकडची मेट्रो आणि मंडई स्थानक. सप्टेंबर २०२४ पासून हा भुयारी टप्पा सुरू झालाय. सरकते जिने आणि लिफ्ट असल्यामुळे सासूबाईंचे गुडघे वाचतील, आणि सिव्हिल कोर्टाला जमिनीत किती खोल जातो हे पाहून बंगळूरची मुलंही क्षणभर गप्प बसतील. मंडईपासून नातूबाग, म्हणजे संग्रहालयाची जागा, जवळ आहे. मुलांनी चालावं, सासूबाईंना रिक्षा करा. संग्रहालय उघडल्या उघडल्या पोचलात तर गर्दी कमी मिळेल. वेळा आणि तिकिटाचे दर आधी फोन करून विचारा, आणि त्याच फोनवर वरच्या मजल्यांवर जायला जिन्याखेरीज काही सोय आहे का, मध्ये बसायला बाकं आहेत का, तेही विचारा. नसेल तर सासूबाईंची दालनं आधी ठरवा आणि बाकीच्या मजल्यांवर मुलांना दुसऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. त्यांना एकटं बाकावर बसवून सगळे वर गेलात, असं मात्र करू नका.

घरी आल्यावर एक काम. तुमच्याकडे काही ना काही उरलेलं असेलच. सोऱ्या, पुरणयंत्र, एखादी पळी, देव्हाऱ्यातली घंटा. मुलांनी प्रत्येकी एक वस्तू घ्यायची आणि म्युझियमसारखी पाटी लिहायची: वस्तू कोणती, कशाची, कुणी आणली, कुठून, कशासाठी वापरत. माहिती आजीकडून, आणि म्हैसूरकडची असेल तर तिकडच्या आजीला फोन करून. सोऱ्याच्या पाटीवर ‘दिवाळीत आजीचा हात दुखेपर्यंत’ असं आलं तर तेही राहू द्या. पाट्या आठवडाभर लावून ठेवा. मग हव्या तर काढा.

तुम्हाला अभिमानाची घाई झालीये, त्याबद्दल काहीच बोलले नाही असं वाटेल. मुद्दामच. त्या दिवशी मुलांनी चार प्रश्न आपणहून विचारले तर दिवस चांगला गेला असं समजा. अभिमान वगैरे ती मोठी होऊन बघतील.

ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय, सहा वर्षांच्या धाकट्याला न्यावं की तुमच्या आईकडे ठेवावं? न्या. पाऊण तासाने तो कंटाळणार हे धरून चाला आणि आधीच ठरवून ठेवा की तो कंटाळला की त्याला बाहेर कोण नेणार. मॉलची आठवण काढणारे गृहस्थ घरात आहेतच. त्यांनी त्याला घेऊन सरळ तुळशीबाग गाठावी. तिथे भातुकलीची दुकानं आहेत, बोटाएवढ्या कढया, बंब, जाती, पोळपाट-लाटणी. आजीकडे होतं त्यातलं काय काय इथे लहान होऊन आलंय, ते दोघांनी मिळून शोधायचं. आणि बंब मिळाला तर घेऊन यायचा. तेवढा गॅलरीत मावेल.